टाचेची दोरी, मेरठचे घोडे आणि स्टेम सेलची सुई

आजच्या भागाचा विषय मी निवडलेला नाही. तो मला फोनवरून आला.

फोन होता माझ्या जुन्या पलटणीतल्या एका सुभेदार साहेबांचा. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला शेती करतात. फौजेत ऑफिसरही सुभेदारांना 'साहेब'च म्हणतात, त्यामुळे आमच्या बोलण्यात दोन्हीकडून साहेब असतं.

"जय हिंद, साहेब. एक विचारायचं हुतं. तुमच्या तिकडं दिल्लीला स्टेम सेलची सुई देत्यात म्हणं. थोरल्याच्या टाचंची शीर दुखतीय, सहा म्हैनं झालं. दोन लाख सांगितल्यात. आल्याचं पैसं आल्यात, कमी पडलं तर सोसायटीचं काढतो. पाठवू का पोराला तुमच्याकडं?"

थोरला एकोणीस वर्षांचा. भरतीची तयारी करतोय. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे म्हणून पहाटे डांबरी रस्त्यावर पळायचा, आणि आता जिना उतरतानाही टाचेच्या वर कळ येते. भरतीला वयाची अट असते, म्हणून घाई. कुणीतरी मोबाइलवर दिल्लीजवळच्या क्लिनिकचा व्हिडिओ दाखवला, आणि बाप आल्याचे पैसे मोडायला तयार झाला.

मी म्हटलं, "सुभेदार साहेब, आठ दिवस थांबा. मी माहिती काढतो." त्या आठ दिवसांत जे वाचलं, विचारलं, पाहिलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो. मी डॉक्टर नाही. पण पैसे मोडण्याआधी काय विचारायचं, ते कुणालाही शिकता येतं.

शीर नव्हे, कंडरा

आपण ज्याला टाचेची शीर म्हणतो ती रक्ताची शीर नाही आणि नसही नाही. इंग्रजीत टेंडन, मराठीत कंडरा. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. पोटरीचे स्नायू ताणले की ही दोरी टाच वर उचलते. माणसाच्या अंगातली ही सगळ्यात जाड आणि दणकट कंडरा, तिचं नाव अ‍ॅकिलीस. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो.

ही दोरी कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची असते. तंतू एकाच दिशेने, एकमेकांना घट्ट लागून, दोरखंडाच्या पेडांसारखे. त्यांच्यामध्ये थोड्याशा पेशी, त्या दोरीची डागडुजी करतात. पण कंडरेला रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. अ‍ॅकिलीसमध्ये टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरचा भाग तर आणखी कोरडा, आणि बहुतेकांचं दुखणं नेमकं तिथेच असतं. स्नायूची इजा काही आठवड्यांत भरते. कंडरेला महिने लागतात, ते यामुळेच.

रोजच्या ताणाने होणारी झीज डागडुजीपेक्षा जास्त झाली की दोरी आतून बिघडायला लागते. तंतू विस्कटतात, नवे येतात ते कच्च्या प्रतीचे आणि वाटेल त्या दिशेचे. म्हणीत सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कंडरेचं उलट आहे. सुंभ बाहेरून शाबूत दिसतो, आतला पीळ गेलेला असतो. म्हणूनच नुसत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हे जुनं दुखणं बरं होत नाही. कळ दबते, पीळ परत येत नाही.

पीळ परत आणायचा कसा? स्टेम सेलचा विचार इथून सुरू झाला.

कुमक नव्हे, सिग्नल्स

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. जिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशी पेशी. हाडांतल्या मज्जेत आणि चरबीत अशा काही पेशी सापडतात, ज्या प्रयोगशाळेत वाढवल्या तर हाड, कूर्चा, चरबी यांच्या पेशी बनू शकतात. आर्नल्ड कॅप्लन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९१ मध्ये त्यांना 'मेसेंकायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केलं. कल्पना सरळ होती: कंडरेत या पेशी टोचा, त्या कंडरेच्या पेशी होतील आणि नवी दोरी विणतील. फौजी भाषेत, मोर्चावर माणसं कमी पडली, कुमक पाठवा.

पुढच्या पंचवीस वर्षांत दिसलं ते वेगळंच. टोचलेल्या पेशींतल्या फारच थोड्या तिथे टिकतात. काही दिवसांत बहुतेक नाहीशा होतात. फायदा दिसतो तेव्हा तो बहुधा त्या पेशींनी सोडलेल्या रासायनिक संदेशांमुळे. सूज आटोक्यात ठेवा, इथल्या पेशींनो कामाला लागा, असे ते संदेश. म्हणजे पोचली ती कुमक नव्हती, सिग्नल्सची तुकडी होती. खुद्द कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की आता यांना स्टेम सेल म्हणणं थांबवा. ज्याने नाव रूढ केलं त्यानेच ते मागे घ्यायला सांगितलं, आणि क्लिनिकच्या पाटीवर मात्र तेच नाव अजून मोठ्या अक्षरांत आहे.

ही तुकडी उपयोगाची असू शकते. पण तिने संदेश दिला तरी काम जागेवरच्या पेशींनी करायचं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे याची गरज लागणार आहे.

आधी घोडे

हा उपचार कंडरेवर सगळ्यात आधी गंभीरपणे वापरला गेला तो घोड्यांवर.

दिल्लीहून दोन तासांच्या अंतरावर मेरठ छावणीत आमच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरचं सेंटर आहे. नोकरीत असताना तिथे मी 'बो' झालेला पाय पहिल्यांदा पाहिला. घोड्याच्या पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला, गुडघ्याखाली जी कंडरा असते ती फाटली की सुजते आणि पाय बाजूने पाहिला तर धनुष्यासारखा दिसतो. सईस त्याला हातात लगाम धरून रोज मोजकी पावलं चालवत होता. मी विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, "साहेब, दिवस नाही, वर्ष."

इतकं करूनही, घोडा पुन्हा दौडायला लागला की तीच कंडरा पुन्हा फाटणं हे नेहमीचं. म्हणून लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या रॉजर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी घोड्याच्याच मज्जेतून पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, फाटलेल्या जागी टोचल्या. पहिली नोंद २००३ ची. २०१२ मध्ये १४१ घोड्यांचा अहवाल आला. दोन वर्षांहून अधिक काळ ज्यांची खबर ठेवता आली असे ११३ घोडे होते, त्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना पुन्हा तीच दुखापत झाली. रूढ उपचारांच्या जुन्या नोंदींत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा वर होतं. मोठाच फरक.

पण बारकावे पाहा. पहिला: तुलना जुन्या नोंदींशी आहे, त्याच वेळी सुईशिवाय ठेवलेल्या घोड्यांशी नाही. दुसरा: टोचलेल्या पेशी वाढवलेल्या, एक कोटीहून अधिक. तिसरा: घोड्याची कंडरा आतून, मध्यभागी फाटते. बाहेरचं वेष्टन शाबूत असतं, त्यामुळे वाटीत तेल ओतावं तशा पेशी तिथे राहतात. माणसाच्या खांद्याची कंडरा फाटते ती कडेला, सांध्यातल्या द्रवात. तिथे ओतलेलं वाहून जातं. आणि चौथा, माझ्या मते सगळ्यात मोठा: सुई दिल्यानंतरही त्या घोड्यांना जवळपास वर्षभर ठरवून दिलेली चाल होतीच. मेरठचा सईस सुटला नव्हता.

मग माणसं

माणसांवरचे प्रयोग झाले आहेत, पण लहान.

दक्षिण कोरियात २०१५ मध्ये टेनिस एल्बोच्या १२ रुग्णांना दुसऱ्याच्या चरबीतून वाढवलेल्या पेशी दिल्या. वर्षभरात दुखणं बरंच कमी झालं, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. टेनिस एल्बो वर्षभरात अनेकांचा आपोआपही बरा होतो. ब्रिटनमध्ये अ‍ॅकिलीससाठी घोड्यांचीच पद्धत माणसांवर आणली, रुग्ण १०, आणि मुख्य प्रश्न होता अपाय होतो का एवढाच.

सगळ्यात आशादायक आकडे फ्रान्सचे, २०१४ मधले. खांद्याची फाटलेली कंडरा शस्त्रक्रियेने शिवताना ४५ रुग्णांना त्यांच्याच मज्जेचा दाट केलेला अर्क दिला, दुसऱ्या ४५ जणांना नाही. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले सगळे ४५ खांदे जुळलेले होते, दुसऱ्यातले ३०. दहा वर्षांनी पहिल्या गटात ८७ टक्के शाबूत, दुसऱ्यात ४४. पण रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि हा अर्क शस्त्रक्रियेच्या सोबतीला होता, तिच्याऐवजी नव्हे.

२०१७ मध्ये ब्रिटनच्या क्रीडावैद्यकाच्या एका मान्यवर नियतकालिकात तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा आला. जगभरात मिळून चार अभ्यास, ७९ रुग्ण. निष्कर्ष: कंडरेसाठी स्टेम सेल वापरावी असा पुरावा नाही. त्यानंतरही काम चालू आहे, आणि ते चालू राहायला हवं. पण ज्या औषधाच्या नावावर एका पलटणीइतकीही माणसं नाहीत, ते दुकानात मांडून विकायचं का, हा प्रश्न उरतो.

गुरुग्रामची रेकी

मी स्वतः गुरुग्रामच्या एका क्लिनिकमध्ये गेलो. नाव घेत नाही. काचेची इमारत, कॉफी आली. डॉक्टर भेटण्याआधी एक काउन्सेलर भेटली, नम्र मुलगी. तिने टॅबवर आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. मी म्हटलं, "बेटा, माझे चार प्रश्न आहेत."

पहिला: सुईत नेमकं काय असतं? उत्तर आलं, "तुमच्याच शरीरातले स्टेम सेल्स." मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की पॅकेजमधली एक सुई पीआरपीची आहे. पीआरपी म्हणजे रक्त फिरवून वेगळा काढलेला, प्लेटलेट जास्त असलेला भाग. त्यात स्टेम सेल नसतात. अ‍ॅकिलीसच्या जुन्या दुखण्यावर पीआरपीची परीक्षा झालेली आहे. ब्रिटनमध्ये २४० रुग्ण, अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना नुसती सुई टोचल्याचा आभास. २०२१ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नाही.

दुसरी सुई मज्जेच्या अर्काची. काढून, फिरवून, त्याच दिवशी टोचायची. मज्जेतल्या पेशींत आपल्याला हव्या त्या पेशी दहा हजारांत एक ते लाखात एक एवढ्याच असतात. म्हणून तर घोड्यांसाठी त्या प्रयोगशाळेत वाढवाव्या लागल्या. मी विचारलं, "माझ्या सुईत किती असतील, मोजता का?" हा दुसरा प्रश्न. मोजत नव्हते.

तिसरा: हा उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? सीटीआरआय ही देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही. दिल्लीतच सांभाळली जाते आणि इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. काउन्सेलर आत जाऊन आली. म्हणाली, "सर, हे चाचणी नाही, प्रोसीजर आहे."

चौथा मग मी विचारलाच नाही, कारण उत्तर पावतीवर होतं. चाचणी असेल तर तिचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

नियम काय म्हणतो

अन्सारी नगरला, एम्सच्या शेजारी, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर. तिने २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा शीर्षकात 'संशोधन आणि उपचार' असे दोन्ही शब्द होते. २०१३ मध्ये 'उपचार' हा शब्द मुद्दाम काढला, कारण त्या शब्दाचा आधार घेऊन दुकानं उघडत होती. २०१७ च्या आवृत्तीचा आशय स्वच्छ आहे: रक्ताच्या आजारांसाठी केलं जाणारं अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मान्य उपचार. बाकी सगळं संशोधन, आणि ते नोंदणीकृत चाचणीतच. २०१९ च्या औषध चाचणी नियमांत पेशींपासून केलेलं उत्पादन 'नवं औषध' धरलं आहे, म्हणजे त्याला औषध महानियंत्रकांची परवानगी हवी.

क्लिनिकवाले इथे एक उत्तर देतात, "पण गुडघ्यासाठी तर मान्यता आहे." आहे. बेंगळुरूच्या कंपनीचं स्टेमप्युसेल हे उत्पादन २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्य झालं, रीतसर चाचण्यांनंतर. पण ती मान्यता त्या एका उत्पादनाला आणि त्या आजाराला आहे. एका गाडीचा परवाना दुसऱ्या गाडीला चालत नाही. टाचेच्या कंडरेसाठी ती मान्यता नाही.

मग करायचं काय

स्वीडनमध्ये हाकान अल्फ्रेडसन नावाचे हाडांचे डॉक्टर होते. पळण्याचा शौक, आणि अ‍ॅकिलीस दुखत होती. हकीकत अशी सांगतात की वरिष्ठांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. कंडरा तुटली तर करावीच लागेल, म्हणून त्यांनी टाचेवर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली. तुटली नाही, दुखणंच कमी झालं. १९९८ मध्ये त्यांनी १५ धावपटूंवर हाच व्यायाम बारा आठवडे करून पाहिला. पंधराही पळायला परतले.

व्यायाम साधा आहे. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून उभं राहायचं. दोन्ही पायांनी टाचा वर उचलायच्या. मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. वर येताना चांगल्या पायाची मदत. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा थोडा वाकवून पंधराचे तीन. सकाळ-संध्याकाळ. दिवसाला १८०. थोडी कळ चालते. सोपं वाटू लागलं की पाठीवर पिठ्ठू घेऊन वजन वाढवायचं. दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीच्या खाली न्यायची नाही, जमिनीवरच करायचं. म्हणूनच पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांनाच शंभर टक्के गुण आला असं नाही. पण यामागचं कारण आता तुम्हाला कळेल. कंडरेच्या पेशींना काम करण्याचा खरा संदेश मिळतो तो ताणातून. संदेशासाठी आपण दोन लाखांची तुकडी मागवतो, आणि घरच्या जिन्यावर तोच संदेश देता येतो. पूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी कमकुवत होते, आणि एकदम पळाल्याने फाटते. मधला रस्ता मोजून मापून भार.

तीन सावधगिऱ्या. एक, पोटरीत काठी मारल्यासारखा आवाज होऊन पाय लुळा पडला तर हे व्यायामाचं दुखणं नाही. पालथं झोपवून पोटरी दाबा, पाऊल हललं नाही तर कंडरा तुटलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. दोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी कंडरा दुखावते, क्वचित तुटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. पोट बिघडलं की मेडिकलमधून स्वतःच्या मनाने या गोळ्या आणू नका. तीन, अ‍ॅकिलीसमध्ये स्टेरॉइडची सुई घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

आणि घाई करणाऱ्यांसाठी आपल्या सचिनचं उदाहरण. टेनिस एल्बो म्हणजे कोपराची कंडराच. २००४ मध्ये दुखणं सुरू झालं, मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया, आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३. मधले पाच महिने त्यालाही चुकले नाहीत. जगातले सगळे डॉक्टर ज्याच्यासाठी हजर होते, त्याच्या कंडरेनेही तिचा वेळ घेतलाच.

सुभेदार साहेबांना काय सांगितलं

आठ दिवसांनी मी फोन केला. म्हटलं, "पोराला दिल्लीला पाठवू नका. ईसीएचएसमधून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी करा, फिजिओकडे नेऊन व्यायाम शिकवा. बारा आठवडे डांबरी रस्ता बंद. आल्याचे पैसे बँकेत ठेवा."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "साहेब, जिना उतरून बरं हुतंय तर मग ती लोकं दोन लाख कशाचं घेत्यात?"

मी म्हटलं, "घाईचे."

सोनोग्राफीत कंडरा जाड झालेली दिसली, फाटलेली नव्हती. पोरगा घरच्या माळवदाच्या जिन्यावर रोज १८० करत होता, चौथ्या आठवड्यापासून पाठीवर दप्तरात पाच किलो तांदूळ घेऊन. सहाव्या आठवड्यात त्याने चोरून पळून पाहिलं, पुन्हा दुखलं, दोन आठवडे मागे गेला. चौदाव्या आठवड्यात शेताच्या मऊ बांधावर हळू दौड सुरू झाली. साडेपाच मिनिटं अजून आलेली नाहीत. भरतीत काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि खात्री देणाऱ्यांपासून सावध राहा असं म्हणणाऱ्या माणसाने ते सांगूही नये.

उद्या मोठ्या चाचणीत ही सुई खरी उतरली तर याच जागी बसून मी तसं सांगेन. पण तेव्हाही सुईनंतर सईस लागणारच आहे.

तोवर, कुणी पॅकेज पुढे केलं तर हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. सुईत काय आहे? किती पेशी आहेत, मोजल्या का? सीटीआरआय क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.

जय हिंद.